भिकनची हजेरी मी लावत होतो

ज्या सकाळी भिकन गेला, त्या सकाळीही तो वर्गात हजर होता. नऊचा मेडिसिनचा तास. सरांनी रजिस्टरातून मान वर न काढता ‘अठरा’ म्हटलं आणि मागच्या बाकावरून खणखणीत ‘येस सर’ आलं. ते मी म्हटलं होतं. भिकनच्या आवाजात, गेले चार महिने रोज म्हणत होतो तसंच. तास सुटल्यावर आम्ही तिघं-चौघं कॅन्टीनच्या कट्ट्यावर गरमागरम सुरती लोचो खात बसलो होतो, माझ्या नकलेची तारीफ चालली होती, आणि हॉस्टेलवर राहणारा एक वर्गमित्र मैदानातून पळत आला. “शिरीष, तू चाल... पहेलां चाल,” एवढंच तो गुजरातीत म्हणत राहिला. आम्ही हॉस्टेलमधल्या भिकनच्या खोलीशी पोचलो तेव्हा वॉर्डन दारात उभे होते आणि त्यांनी मला आत जाऊ दिलं नाही. भिकननं स्वतःच स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. कसं, ते मी लिहिणार नाही. ते जाणून कुणाचं भलं होणार नाही. पण पहाटेच कधीतरी सगळं संपलं होतं, असं नंतर कळलं. म्हणजे नऊ वाजता मी ज्याच्या नावानं ओरडलो, तो तेव्हा नव्हताच.

त्याला जाऊन आज सात आठवडे झाले. असं काही लिहायला बसलं की गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात. भिकनचे गुण सांगीनच, भरपूर होते. पण हा लेख मी त्याच्या गुणांसाठी लिहीत नाहीये, माझ्या एका चुकीसाठी लिहितोय. वाचणाऱ्यानं आधीच जाणून असावं, म्हणजे मध्येच माझी कीव यायला नको.

आमची ओळख पहिल्या वर्षाची, शवविच्छेदनाच्या हॉलमधली. फॉर्मलिनच्या वासानं डोळ्यांना धारा लागल्या होत्या. दीडशे मुलांत मराठी कुणी असेल असं मनातही नव्हतं, म्हणून मी बिनधास्त पुटपुटलो, “मेलो रे देवा!” तर टेबलाच्या पलीकडून आवाज आला, “तू कसला मेलास? मेलाय तो. तू गप उभा राहा.” आवाज एवढा मोठा की अख्खा हॉल वळून बघायला लागला. काळासावळा, किडकिडीत, नवाकोरा पांढरा कोट गुडघ्याच्या खालपर्यंत आलेला... आणि चेहऱ्यावर असे भाव की आपण काही मोठ्यानं बोललो हे त्याच्या गावीही नाही. त्या दिवसापासून आमची जोडी जमली. माझे वडील पोस्टात, आम्ही सुरतेत दोन पिढ्यांचे. घरात पुस्तकं, टेबल, टेबलावर दिवा. भिकनचं घर लिंबायतला, रेल्वेखालच्या गरनाळ्यातून पलीकडे गेलं की तिसऱ्या गल्लीत. त्याचे वडील, आप्पा, अमळनेरकडून येऊन पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारागीर म्हणून लागले ते आजतागायत तिथंच. घराच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं. चोवीस तास खटखटखटखट. त्या गल्लीत हळू बोलणं ही भानगडच नाही. हळू बोललात तर तुमचं बोलणं तुम्हालाच ऐकू येणार नाही. भिकनचा आवाज तिथं घडलेला. हजेरीला तो ‘येस सर’ म्हणायचा तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली दचकायच्या.

नावावरून त्याला खूप चिडवायचे. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हे पोर देवाकडून भीक मागून आणलंय, याला नजर लागू नये, अशा अर्थानं खानदेशात भिकन नाव ठेवतात. आमच्या गुजराती मित्रांना ते समजावून सांगताना तोच सगळ्यात आधी हसायचा. “मागून आणलेला माल आहे, परत घेत नाहीत,” म्हणायचा. तेव्हा आम्हीही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते.

त्याच्याबरोबर मी पुष्कळ रविवारी लिंबायतला जायचो, मुख्य म्हणजे त्याच्या मायच्या हातच्या कळण्याच्या भाकरीसाठी. तिथं जो प्रकार चालायचा तो बघण्यासारखा होता. पोरगं मेडिकलला लागून महिना झाला नव्हता आणि गल्ली त्याला ‘डाक्टर’ म्हणायला लागली होती. आम्ही खाटेवर टेकलो न टेकलो की लोक यायचे. कुणाची कंबर, कुणाचा खोकला, कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत. आम्हाला तेव्हा माणसाच्या हातातली हाडं कशीबशी पाठ होती. पण भिकन कुणाला नाही म्हणायचा नाही. मनगट धरायचा, डोळे मिटून नाडी मोजल्यासारखं करायचा आणि गंभीरपणे सांगायचा, “सिव्हिलला दाखवून घ्या, मी आहे तिथं.” आणि खरंच दुसऱ्या दिवशी तास बुडवून त्यांच्याबरोबर केसपेपरच्या रांगेत उभा राहायचा. आप्पा दारात विडी ओढत हे सगळं बघायचे. बोलायचे काही नाहीत. नुसता त्यांचा चेहरा बघावा. मी एकदा त्यांना गमतीत म्हटलं, “आप्पा, अजून पाच वर्षं आहेत हो डॉक्टर व्हायला.” तर म्हणाले, “तुमच्यासाठी पाच वर्षं. आमचा झाला.”

घरी अभ्यासाला जागा नाही, म्हणून आप्पांनी वॉर्डनचे उंबरे झिजवून त्याला हॉस्टेलची खोली मिळवून दिली होती. सुरतेतच घर असलेल्या मुलांना ती मिळत नसे. खोली व्याख्यानगृहाच्या मागेच, मधलं छोटं मैदान ओलांडलं की झालं. सगळ्यांना वाटलं, पोराचं भाग्य उघडलं. आणि गंमत बघा, भिकनला तिथं अभ्यासच होईना. “शिऱ्या, फार शांत आहे रे,” म्हणायचा. “कान दुखतात.” शेवटी हॉस्टेलच्या मागं पाण्याचा पंप होता, त्याच्या खोलीपाशी पोतं टाकून हा बसायला लागला. पंप धडधडतोय आणि हा शेजारी शब्दकोश मांडीवर घेऊन शरीरशास्त्र घोकतोय! बारावीपर्यंत गुजराती माध्यम, त्याआधी सातवीपर्यंत नगरपालिकेची मराठी शाळा. इंग्रजी पुस्तकाचं एक पान त्याला आमच्या तिप्पट वेळ घ्यायचं. तरी पहिल्या वर्षाला तो माझ्यापुढे होता. मी हे मत्सरानं नाही सांगत... थोडं मत्सरानं सांगतोय.

बिघडलं ते दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी त्याला काहीतरी विचारलं, भिकननं आपल्या नेहमीच्या टिपेत उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. पण इंग्रजी वाक्य मोडकं होतं आणि आवाज खोलीबाहेर ऐकू गेला. परीक्षक म्हणाले, “भाजी विकायला आलायस का?” मग वडील काय करतात ते विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाले, “मग तिथंच बरा होतास.” बाहेर रांगेत आम्ही सगळ्यांनी ऐकलं ते. त्या विषयात तो नापास झाला. नापास पुष्कळ होतात, सहा महिन्यांनी सुटतात, तोही सुटला. पण त्यानंतर त्याचा आवाज गेला. गेला म्हणजे घसा बसला नव्हता. तो हळू बोलायला लागला. आम्हाला वाटलं, चला, सुधारला. पुढच्या बाकावरच्या एकीनं तर त्याला तसं बोलूनही दाखवलं. घरी त्यानं नापास झाल्याचं सांगितलंच नाही. ज्या गल्लीनं आधीच डॉक्टर करून टाकलंय, तिला जाऊन काय सांगणार?

तिसऱ्या वर्षात तो हळूहळू विझत गेला. आता मागं वळून बघितलं की एकेक खूण दिसते, तेव्हा प्रत्येकीला आमच्याकडे एक उत्तर तयार होतं. जेवत नाही? मेसचं जेवण भिकारच आहे. झोपत नाही? अभ्यास करत असेल. दिवसा लोळतो? रात्री जागला असेल. आंघोळ नाही, दाढी नाही, अंगावर आठवडाभर तोच शर्ट... अरे, मेडिकलचा विद्यार्थी आहे! आमच्यात तर दमण्याचीसुद्धा शर्यत असते. कोण किती तास वॉर्डात उभा राहिला, कोणी किती दिवस घर बघितलं नाही, याच्या फुशारक्या. तिथं एखादा म्हणाला ‘मला नाही जमत रे’, तर ते दुखणं कुणाला वाटणार? मला एकदा म्हणाला, “शिऱ्या, एक ओळ चार-चार वेळा वाचतो. डोळे फिरतात, आत काही जात नाही.” मी म्हणालो, “माझंही तेच आहे, मी तर तीन वर्षं असंच करतोय.” आणि वर हसलो. तो हसला नाही.

मग एका सोमवारी मी त्याला बोलवायला गेलो तर तो पांघरुणातून बाहेर येईना. “आजच्या दिवस लाव ना माझी हजेरी,” म्हणाला. मला काय, हौसच होती! नकला करण्यात कॉलेजात माझा हात धरणारा कुणी नव्हता. स्नेहसंमेलनात मी डीनसाहेबांची नक्कल त्यांच्यासमोर केलेली. भिकनचा आवाज तर सोपा. त्याचा तो जुना, पहिल्या वर्षीचा, लिंबायतचा आवाज मी काढला आणि सरांना कळलंही नाही. मागचा बाक खूश. मंगळवारी पुन्हा. बुधवारी त्यानं सांगितलंही नव्हतं, मीच लावली. वॉर्डातल्या वहीत सही लागायची, तीही शिकलो. त्याच्या जर्नलच्या आकृत्या दोघा मित्रांनी वाटून घेतल्या. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. हॉस्टेलचा रिवाजच तो, मित्रासाठी एवढं करायचंच. उलट आम्हाला फार भारी वाटायचं. हजेरी कमी पडली की कॉलेज यादी लावतं आणि घरी पत्र पाठवतं. त्या सत्रात यादी लागली, वीसेक नावं होती, भिकनचं नव्हतं. मी त्याच्या खोलीच्या दारात उभा राहून ओरडलो, “पार्टी दे बे! वाचवला तुला!”

दारातच. हे मुद्दाम सांगतोय. रोज मी त्याच्या खोलीवर जायचो, कुणाला वाटेल केवढी काळजी. पण आत कितीदा गेलो? खोलीत कोंदट वास यायचा, पडदा ओढलेला असायचा, भिकन भिंतीकडे तोंड करून पडलेला. बोलायला काही सुचायचं नाही. मी उंबऱ्यावर एक पाय ठेवून, हातात लुनाची किल्ली फिरवत म्हणायचो, “आजची झाली बरं का. नोट्स टेबलावर टाकतो.” आणि सुटायचो. सुटायचो हाच शब्द खरा आहे.

त्याच महिन्यात आमची मानसोपचार विभागात पंधरा दिवसांची पाळी लागली. माझ्या वाट्याला एक रेल्वेतला कारकून आला होता, नैराश्याचा रोगी. मी त्याची सगळी हकीकत लिहून काढली, लक्षणं एकापाठोपाठ एक सांगितली, मध्ये कुठं अडलो नाही. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. संध्याकाळी नोट्स द्यायला भिकनकडे गेलो तेव्हा तो उठून बसला होता, बऱ्याच दिवसांनी. म्हणाला, “आज काय शिकवलं?” मी खूश होऊन दारातूनच म्हणून दाखवलं: झोप उडते, भूक जाते, मन लागत नाही, आपण नालायक आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, “आणि तो कारकून? त्याचं काय?” मी म्हटलं, “त्याला गोळ्या चालू केल्यात. सर म्हणाले दोन-तीन महिन्यांत कामावर जाईल.”

“बरा होतो?”

“होतो ना. बहुतेक होतात.”

“मग त्याला इथपर्यंत आणलं कुणी?”

“बायकोनं आणलं म्हणे हाताला धरून. तो यायलाच तयार नव्हता.”

भिकननं स्वतःच्या हाताकडे बघितलं... आणि मला घरी जायची घाई होती. टीव्हीवर वन डे चालू होती, शेवटची दहा षटकं राहिली होती. मी निघालो. त्या सामन्यात कोण जिंकलं, ते मला आज आठवत नाही. आईशप्पथ आठवत नाही.

लक्षणं पाठ असून माणूस ओळखता येत नाही, हे मला कुठल्या परीक्षकानं विचारलं नाही आणि मी स्वतःला विचारलं नाही. वॉर्डातला तो कारकून रोगी होता, कारण त्याच्या खाटेला कागद लटकवलेला होता. भिकन आपला भिकन होता.

आप्पाही एकदा आले होते. पोरगं दोन महिने घरी फिरकलं नव्हतं, परीक्षा आहे एवढा निरोप होता. मायनं डबा दिलेला. दुपारची वेळ, आप्पा फाटकाशी सायकल धरून उभे, केसांत कापसाची पिंज तशीच. मला बघून त्यांना हायसं वाटलं. “पोऱ्या कसा शे मना?” त्यांनी विचारलं. माझ्याशी ते एरवी शाळेतली मराठी बोलायचे. त्या दिवशी विसरले, तोंडून घरची अहिराणीच आली. मी क्षणभर घुटमळलो, खरंच घुटमळलो. मग म्हणालो, “मजेत आहे आप्पा! एक दिवस चुकत नाही. आत्ता तासालाच बसलाय.” आप्पा म्हणाले, मग राहू द्या, तास मोडायला नको. डबा माझ्या हातात दिला आणि सायकलवर टांग टाकून गेले. मागच्या मैदानापलीकडे त्यांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन मिनिटांची वाट होती.

हे झालं आणि तीन आठवड्यांनी तो गेला.

दशक्रिया आटोपल्यावर आप्पा त्याची पेटी न्यायला कॉलेजात आले. बरोबर मी होतोच. ऑफिसातल्या कारकुनानं, बिचारा चांगल्या मनाचा माणूस, त्यांना बसवून पाणी दिलं आणि सांत्वन म्हणून हजेरीचं रजिस्टर उघडून दाखवलं. “जुओ काका, केटलो डाह्यो छोकरो हतो. एक दिवस पण गेरहाजर नथी.” किती शहाणा मुलगा, असं. आप्पांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. महिनाभराच्या खुणा, मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. शेवटची खूण ज्या दिवसावर होती त्या दिवशी बोट थांबलं. मला वाटलं आता यांच्या ध्यानात येणार. पण पहाटेची वेळ त्यांना कुणी सांगितली नसावी, त्यांच्या ध्यानात आलं नाही; त्यांचे डोळे भरून आले आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, “त्या दिवशीही शाळेत गेला बघा माझा पोरगा. मग आला आणि...” मी त्यांचा हात धरला. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर लिंबायतमध्ये हीच कथा झाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा सांगत, पोरगं शेवटच्या दिवसापर्यंत एक तास चुकलं नाही, असं कर्तव्याला चोख पोरगं, मग एकाएकी काय झालं देव जाणे. कुणी म्हणे बाहेरचं झालं, कुणी म्हणे कुणी करणी केली. चांगलं चाललेलं पोर एका दिवसात असं कसं करील? माय तर एका भगताकडे जाऊन आली. मी पुन्हा पुन्हा स्वतःला समजावत होतो की शिरीष, असू दे, म्हाताऱ्याला तेवढाच आधार आहे. ते रजिस्टर हा त्यांच्या मुलाचा मोठेपणा आहे, तू कशाला ओढून घेतोस? पण खरं सांगू? मी त्यांचा आधार नव्हतो जपत, माझी कातडी जपत होतो. मी खोटी हजेरी लावली नसती तर यादीत भिकनचं नाव आलं असतं, घरी पत्र गेलं असतं, आणि आप्पा त्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन फाटकात नाही, थेट खोलीत आले असते. त्या रेल्वेतल्या कारकुनाला बायकोनं आणलं तसं हाताला धरून नेलं असतं. त्यानं तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण वाट होती, आणि ती मी बुजवली.

गेल्या रविवारी मी गेलो आणि सांगून टाकलं. माय आत भाकरी थापत होती, आप्पा खाटेवर बसले होते, मी खाली. पहिल्या सोमवारपासून सगळं सांगितलं. नक्कल, सही, यादी, फाटकावरचं खोटं. भिंतीपलीकडे खातं चालूच होतं, त्यामुळे मला ते ओरडूनच सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे काय असतं ते मी नाही सांगू शकत. आत भाकरी थापणारे हात थांबले. आप्पांनी हातातली विडी विझवली. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं.

ते म्हणाले, “आमच्या खात्यातही बदली उभा राहतो. एखादा कारागीर आला नाही तर त्याच्या मशीनवर दुसरा. मशीन काही बंद ठेवत नाहीत.” मग माझ्याकडे बघितलं. “पण बदलीवर जो उभा राहतो ना, तो पाळी सुटली की आधी घरी जात नाही. ज्याच्या जागी उभा राहिला त्याच्या घरी जातो. आत जातो, बसतो. का आला नाहीस रे बाबा, ताप आहे, भांडण झालंय, पिऊन पडलायस, काय ते डोळ्यांनी बघतो. त्याच्या घरच्यांना सांगतो. तसं बघितल्याशिवाय दुसऱ्या दिवशी कुणी कुणाच्या मशीनला हात लावत नाही. हे कुणी शिकवलं नाही आम्हाला. असंच आहे ते.”

“आप्पा, मी जायचो रोज...”

“आत जायचास?”

मी मान हलवली. नाही म्हणून.

माझी माफी मागायची तयारी होती, ती जागच्या जागी राहिली. आप्पांनी खाटेची कड घट्ट धरली होती. थोड्या वेळानं त्यांचा आवाज पार खाली गेला, मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. “मी तरी कुठं आत गेलो? डबा देऊन फिरलो फाटकावरून. पोराचा तास मोडू नये म्हणून.” आणि मग मायनं आतून, भाकरीच्या पिठाचे हात तसेच, बाहेर येऊन आम्हा दोघांनाही एकच गोष्ट विचारली, “कोणीच नही गयं का रे त्याच्याजवळ?” तिनं मला जेवू घातलं त्या दिवशी. मी जेवलो. नाही म्हणायची माझी लायकी नव्हती.

सोमवारी सकाळी मी तासाला बसलो नाही. वॉर्डनकडून किल्ली मागून घेतली आणि भिकनची खोली उघडली. ती अजून कुणाला दिलेली नाही. चार महिने ज्या उंबऱ्यावर उभा राहिलो तो ओलांडून आत गेलो आणि खाटेवर बसलो, मग आडवा झालो, तो व्हायचा तसा, भिंतीकडे तोंड करून. डोक्याशी खिडकी आहे. पडदा ओढलेला असायचा म्हणून मी कधी बघितलं नव्हतं की ही खिडकी मैदानाकडे उघडते. समोर व्याख्यानगृहाच्या मागच्या खिडक्या, आम्ही बसतो तो बाक त्यांना लागूनच. नऊ वाजले. सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, आणि मला एकूण एक आकडा ऐकू आला. पंधरा, सोळा, सतरा. मुलांचे ‘येस सर’ कुणाचे कुणाचे ते ओळखू येत होते. सतरानंतर सर एकोणीसवर गेले. म्हणजे रोज सकाळी भिकन इथं पडून स्वतःची हजेरी ऐकत होता, स्वतःच्याच जुन्या, ठणठणीत आवाजात. तुझ्यावाचून काही अडत नाही, हे रोज नऊ वाजता मीच त्याला ओरडून सांगत होतो.